खळे आणि बोहले

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात जुन्नर तालुक्यातल्या ओतूर गावी एक लग्न झाले. मुहूर्त काढायला जोशी नव्हता, अंतरपाटाशी भटजी नव्हता, संस्कृत मंत्र नव्हते. लग्न बाळाजी कुसाजी पाटील यांच्या घरचे, घर सत्यशोधक. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात समाज स्थापन केल्यापासून अशी लग्ने होऊ लागली होती. पहिले त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला पुण्यात, दुसरे पुढच्या मे महिन्यात हडपसरच्या ससाणे कुटुंबात. ओतूरचे लग्न त्यांच्याइतके प्रसिद्ध नाही. पण ते लागल्यावर जे घडले, ते त्या पहिल्या दोन लग्नांपेक्षाही जास्त बोलके आहे. गावचे जोशी कोर्टात गेले. आम्ही लग्न लावले नसले तरी आमची दक्षिणा आम्हाला मिळाली पाहिजे, असा त्यांचा दावा होता.

हा दावा वाचून आजचा वाचक हसेल. न केलेल्या कामाची मजुरी कोण मागतो? परंतु जोशी मजुरी मागत नव्हते. ते मालमत्ता मागत होते. ग्रामजोशीपण ही वृत्ती होती, म्हणजे वतन. ते वडिलांकडून मुलाकडे जाई, भावाभावांत वाटले जाई, गहाण पडे, विकलेही जाई. गावातली घरे ही त्या वृत्तीतली जणू शेते. त्या घरांत होणारी लग्ने, मुंजी, श्राद्धे हे त्या शेतांचे पीक. यजमानाने दुसरा भटजी आणला काय किंवा कोणीच आणला नाही काय, मालकाचा हक्क बुडत नाही, असा हा युक्तिवाद होता. आणि इंग्रजी न्यायासनांनाही तो अपरिचित नव्हता, कारण वंशपरंपरागत जोशीपणाला मालमत्तेचा दर्जा देणारे निवाडे मुंबई इलाख्यात त्याआधीच झाले होते. म्हणून ओतूरच्या खटल्यात कोण जिंकले, यापेक्षा तो खटला उभा राहू शकला, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. धर्म नावाची जी गोष्ट आपण मनात, देव्हाऱ्यात किंवा पोथीत शोधतो, ती इथे हक्कनोंदीत सापडते.

आणि तेही ओतुरात! मांडवी नदीकाठचे हे गाव काही नास्तिकांचे नव्हे. कपर्दिकेश्वराच्या देवळात श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी घालतात, त्या पाहायला आजही पंचक्रोशी लोटते. तुकोबांच्या गुरुपरंपरेतल्या चैतन्यांची समाधी याच गावात आहे. भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे यांच्यासारखे सत्यशोधक इथे निघाले, ते देव नको म्हणून नव्हे. देव आणि आपण यांच्यामधला दलाल नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते. दलाल हा शब्द फुल्यांना फार नेमका सापडला होता. तो बाजारातला शब्द आहे.

याच सुमारास, १८८४-८५ च्या आसपास, त्याच जुन्नर तालुक्यात दुसरी एक गोष्ट घडत होती. कुळांनी सावकारांच्या आणि जमीनदारांच्या जमिनी कसायचे नाकारले. खंड कमी करा, नाहीतर तुमची शेते तुम्हीच नांगरा, असा पवित्रा त्यांनी घेतला. जमिनी पडीक राहू लागल्या. या असहकाराचा धागा सत्यशोधकांशी जुळलेला होता. फुल्यांच्या चरित्रांत ही घटना ‘जुन्नरच्या शेतकऱ्यांचा लढा’ म्हणून येते आणि ओतूरचे लग्न ‘धार्मिक सुधारणा’ म्हणून दुसऱ्या प्रकरणात येते. प्रकरणांच्या या वाटणीने आपली मोठी फसगत केली आहे असे मला वाटते. त्या गावांत राहणाऱ्या माणसाला या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नव्हत्या. एक खळ्यावर घडत होती, दुसरी बोहल्यावर. आणि दोन्हीकडे समोर उभी राहणारी घरे पुष्कळदा तीच असत, किंवा एकमेकांच्या सोयरिकीतली, पंक्तीतली, निदान ओसरीवरच्या बैठकीतली असत.

खळे म्हणजे काय, हे एकदा नीट आठवले पाहिजे. मळणी होऊन रास पडली की ती घरी जाण्याआधी तिच्यातून वाटे निघत. सुतार, लोहार, महार, न्हावी, परीट यांचे बलुते निघे. जोशाचेही निघे. अर्धेलीने केलेली जमीन असेल तर जमीनमालक निम्मी रास उचले. कर्ज असेल तर सावकाराचा माणूस माप घेऊन उभाच असे. सरकारचा सारा रोखीत द्यायचा, म्हणून उरल्या धान्यातले काही लगेच विकावे लागे, आणि विकत घेणारा पुन्हा तोच सावकार. बहुतेक जण श्रमाच्या बदल्यात वाटा नेत. सुताराने औत भरले होते, लोहाराने फाळ शेवटला होता. जोशाने काय केले होते? त्याने सांगितले होते की पेरणी कधी करावी, विहिरीला पहिली कुदळ कधी लावावी, पोरीचे लग्न कुठल्या घटकेला लावावे. म्हणजे त्याने काळ विकला होता. कुणब्याच्या वर्षातला प्रत्येक शुभ क्षण आधी जोशाच्या पंचांगात होता, मग कुणब्याच्या घरात.

हा व्यवहार जुन्नरला नवा नव्हता. तालुक्याच्या पश्चिम कड्यावर नाणेघाट आहे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असे लोक सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. कल्याण-सोपाऱ्याकडून वर चढणाऱ्या तांड्यांच्या वाटेवर कोरलेल्या या लेखात काय आहे? यज्ञांची यादी आणि त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची यादी. अश्वमेध, राजसूय, गायी, घोडे, हत्ती, रुप्याची भांडी, एका ठिकाणी २४,४०० कार्षापणे. लेख अर्धामुर्धा फुटला आहे, पण त्याचा सूर हिशेबवहीचा आहे हे लपत नाही. व्यापारी वाटेवर राजाने किती कर गोळा केला हे लिहिलेले नाही. तो कोणाला दिला आणि त्याने राजा कसा पवित्र झाला, एवढेच लिहिले आहे. सत्तेने आपली जमेची बाजू झाकून खर्चाची बाजू दगडात कोरायची, हा प्रकार तेव्हापासूनचा.

जुन्नरच्या भोवतालच्या लेण्यांत मात्र वेगळे हिशेब दिसतात. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी अशा डोंगरांवरची बहुतेक लेणी बौद्ध. दान देणारे धान्याचे व्यापारी, कासार, बुरूड, यवन. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची टाकी दिली. बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे रक्कम गुंतवून तिच्या व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवावा, असेही लेख आहेत. म्हणजे आज ज्यांना आपण बलुतेदार-अलुतेदार म्हणतो त्यांचे व्यवसाय करणारे लोक एके काळी इथे ठेवी स्वीकारीत होते, आणि त्यांची पत संघाला विश्वासाची वाटत होती. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून हे डोंगर पायी तुडवीत असत. व्यापारी वाटांवरच हे विहार का आहेत, असा प्रश्न त्यांनी विचारला, आणि विहार हे धर्मस्थानाबरोबरच व्यापाराला भांडवल, पुरवठा आणि स्थैर्य देणारे ठिकाण होते, असे उत्तर मांडले. त्यांच्या काही तपशिलांवर पुढच्या संशोधकांनी वाद घातले, ते योग्यच. परंतु देवळात किंवा लेण्यात शिरताना ‘इथला खर्च कोण करतो?’ हा प्रश्न विचारण्याची सवय मराठी वाचकाला ज्यांनी लावली त्यांत कोसंबींचा मान मोठा आहे.

श्रेणी मोडल्या, वाटा बदलल्या, आणि बुरूड-कासार ठेवी घेणाऱ्याचे बलुते घेणारे झाले. हे कसे घडले हा हजार वर्षांचा इतिहास इथे दोन ओळींत सांगणे बरे नव्हे, म्हणून तो सोडून पेशवाईनंतरच्या काळात येतो. पेशवाईची श्रावणमासाची दक्षिणा इंग्रजांनी एकदम बंद केली नाही. ती आवळत नेली. १८४९ साली तिच्यातला काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांना द्यावा असा अर्ज सुधारकांनी केला, तेव्हा पुण्यात केवढे वादळ उठले आणि तरुण जोतीराव आपली माणसे घेऊन सुधारकांच्या पाठीशी कसे उभे राहिले, हे प्रसिद्धच आहे. दक्षिणा हा शब्द फुल्यांच्या आयुष्यात असा सुरुवातीपासून आहे.

इंग्रजी अमलाने खळ्यावर नवे माप आणले. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून पाहणी सुरू केली, सारा रोखीत आणि ज्याच्या त्याच्या नावावर ठरला. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकाराने हात सैल केला. युद्ध संपले, भाव कोसळले, त्याच सुमारास फेरपाहणीत सारा वाढला. हे सगळे पाठ्यपुस्तकांत असते. पाठ्यपुस्तकांत सहसा नसते ते रोख्याचे तंत्र. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला होता, ऋणकोला जुन्या कर्जाच्या भुताने छळू नये. झाले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई. मागचे व्याज मुद्दलात जाई आणि त्या फुगलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज. शंभराचे कर्ज एकही पैसा नवा न घेता काही वर्षांत दुप्पट होई. आणि या कागदावर कुणब्याची सही काय असे? निशाणी नांगर. मराठी दप्तरांत हे चिन्ह शेकडो कागदांवर आहे. नांगराचे चित्र, आणि शेजारी लिहिणाऱ्याचे नाव, बहुधा कुळकर्ण्याचे. ज्याच्या हाताला नांगर धरण्याचे घट्टे, त्याने आपली जमीन नांगराचे चित्र काढून द्यायची, आणि त्या चित्राच्या वर काय लिहिले आहे ते त्याला वाचता यायचे नाही.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांवर हल्ला केला. भीमथडीतून तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांच्या इतर भागांत पसरला. चौकशी आयोगाच्या लक्षात आले की लोकांना हवे होते ते रोखे. रोखे दिले की बहुतेक ठिकाणी सावकाराला हात लागला नाही. दिले नाहीत तिथे जाळपोळ झाली. त्याआधीच, १८७३ पासून, पश्चिमेच्या डोंगरात जांभोरीचा होनाजी भागोजी केंगले उभा राहिला होता. जांभोरी आज आंबेगाव तालुक्यात. महादेव कोळ्यांची टोळी घेऊन तो सावकारांवर धाडी घाली, आणि काही सावकारांची नाके कापली गेली. १८७६ मध्ये पोलीस अधिकारी डॅनिएल याने त्याला पकडले. सरकारी गॅझेटियरने त्याला दरोडेखोरांत बसवले. पण त्याच गॅझेटियरला, डोंगरी लोकांना हे सावकार नेहमी फसवीत व नाडीत असत, हेही लिहावे लागले आहे.

सुप्यात कागद जाळले, जांभोरीला नाके कापली, ओतुरात मुहूर्त नाकारला. या तिन्हींची तुलना मोह पाडणारी आहे. नाक कापणे म्हणजे अब्रू काढणे. होनाजीला सावकाराचे धन तर हवेच होते, पण त्याची गावातली मान खाली गेली पाहिजे हेही त्याला उमगले होते. सुपेकरांना कागदाची सत्ता कळली होती. पण नाक कापलेल्या सावकाराची वही शाबूत राहते आणि रोखे जाळलेल्या गावात कुळकर्ण्याची लेखणी शाबूत राहते. १८७९ च्या दक्षिणी शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, कर्जासाठी होणारी अटक थांबवली. कायदा मोलाचा होता. तरी कोर्टातला कारकून, वकील, मुनसफ हे सगळे ज्या थोड्या घरांतून येत होते, तिथे शेतकऱ्याची मुले पोचलेली नव्हती.

फुल्यांनी नेमके हेच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये धरले. १८८३ साली लिहून झालेल्या या ग्रंथाचे पहिले भाग ‘दीनबंधु’ने छापले आणि पुढचे छापायला नारायण मेघाजी लोखंडे यांनी हात आखडता घेतला, स्वतःच्या चळवळीच्या पत्रालाही ते जड गेले. पहिल्याच प्रकरणात शेतकऱ्याच्या आयुष्यातले संस्कार आणि वर्षाचे सण यांचा हिशेब आहे. गर्भधारणेपासून श्राद्धापर्यंत, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत कुठे कुठे पैसा जातो याची ती यादी वाचताना मला नेहमी नाणेघाटचा लेख आठवतो. तीच यादी, देणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली. तिकडे देणारी राणी होती आणि देऊन मोठी होत होती. इकडे देणारा कुणबी आहे आणि देऊन कर्जबाजारी होतो आहे. पुढच्या प्रकरणांत सारा, पाटबंधारे, जंगलखाते, कोर्ट, कुळकर्णी येतात. क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. फुले बोहल्यापासून सुरू करून खळ्यावर येतात.

मार्क्सने उलट बाजूने सुरुवात केली. उत्पादनाचे संबंध हा पाया, आणि कायदा, धर्म, विचार हा त्यावरचा इमला. पाया हलला की इमला हलतो. मराठीतल्या साम्यवाद्यांनी हा सिद्धांत इतक्या निष्ठेने पढवला की जातीचा प्रश्न इमल्यात टाकून तो क्रांतीनंतर आपोआप सुटेल, असे कित्येक दशके सांगितले गेले. इटलीत मुसोलिनीच्या तुरुंगात बसून ग्रामची या सिद्धांताची डागडुजी करीत होता. सत्ता केवळ दंडुक्यावर आणि मालकीवर चालत नाही; दबलेल्यांनाच ती स्वाभाविक वाटावी, अशी व्यवस्था शाळा, चर्च, पुरोहित, कारकून करीत असतात, हे त्याचे म्हणणे. त्याच्याकडे वळणाऱ्या आपल्या अभ्यासकांनी आधी ओतुराला जायला हरकत नव्हती! अर्थात फुले म्हणजे मराठी ग्रामची, असली बरोबरी मला पसंत नाही. फुल्यांचे म्हणणे अधिक रोखठोक आहे. ओतूरच्या जोशीपणाला पाया म्हणावे की इमला? त्याच्यावर दावा लागतो, ते गहाण पडते, त्याचा वाटा खळ्यावर मापाने निघतो. पुढे शरद पाटलांनी मार्क्सला फुले-आंबेडकरांशी जोडताना जात हीच उत्पादनसंबंधांचा भाग कशी आहे, हे मोठ्या पांडित्याने मांडले. ओतूरच्या जोशांनी ते फिर्यादीच्या अर्जात मांडले होते.

मग कुळांना खंड नाकारण्याचे धैर्य कुठून आले? माझे अनुमान असे की, ते बोहल्यावरून आले. जोशाशिवाय लग्न लागले आणि आभाळ कोसळले नाही, नवरा-नवरी नांदली, पोरे झाली. हे ज्या गावाने डोळ्यांनी पाहिले त्या गावात ‘मालकाशिवाय जमीन पिकेल का?’ हा प्रश्न फारसा अवघड राहत नाही. याला सही-शिक्क्याचा पुरावा मी देऊ शकत नाही. दोन्ही गोष्टी त्याच तालुक्यात, त्याच वर्षांत घडल्या, एवढाच आधार.

चळवळीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओतूरचे पुढारी पाटील होते. पाटीलकी हेही वतन, आणि खळ्यावर पाटलाचाही मान असे. जोशाच्या वतनावर जो प्रश्न विचारला गेला तो पाटलाच्या वतनावर तितक्या जोराने विचारला गेला नाही. रास वाहणाऱ्या महाराचे काय, डोंगरातल्या कोळ्याचे काय, हे फुल्यांच्या मनात होते. गावच्या समाजात ते किती होते याबद्दल मला शंका आहे. होनाजीचा डोंगर आणि ओतूरचे मैदान यांमधले अंतर थोड्या कोसांचे, पण दोन्ही चळवळी एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत.

१९२६ मध्ये सी. के. बोले यांच्या प्रयत्नांनी मुंबई कायदेमंडळाने असा कायदा केला की, न बोलावलेल्या पुरोहिताला दक्षिणेवर हक्क सांगता येणार नाही. ओतूरच्या लग्नानंतर चाळीसएक वर्षांनी. (ग्रामचीला अटक झाली तेही हेच वर्ष.) खळ्यावरचा दावा निकाली निघायला आणखी तीस वर्षे लागली: १९४८ चा कूळकायदा, आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. कागदावरून खंड गेला. दरम्यान ब्राह्मणेतर चळवळ काँग्रेसमध्ये मिसळली होती, आणि गावाची सूत्रे ज्यांच्याकडे आली त्यांच्या आजोबांनी कदाचित जुन्नरच्या लढ्यात जमिनी पडीक टाकल्या असतील.

तोवर सत्तेची जागा बदलली. रास कोणाच्या खळ्यात पडते यापेक्षा पाणी कोणाच्या शेतात जाते हा प्रश्न मोठा झाला. फुल्यांनी ‘असूडा’त ओढ्या-नाल्यांना बांध घाला, तळी करा, पाणी जिरवा असे सरकारला बजावले होते, ते स्वतः कंत्राटदार होते, धरणाच्या कामाचा दगड-चुना त्यांना ठाऊक होता. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज आणि डिंभे अशी पाच धरणे जुन्नर-आंबेगावात झाली. पूर्वेकडे ऊस आला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आले, द्राक्षे आली, नारायणगावचा टोमॅटो देशभर गेला. हे वैभव खोटे नाही. दुष्काळाने गांजलेल्या कुणब्याच्या नातवाने ते घामाने मिळवले आहे. पण पाणी अडले ते पश्चिमेच्या खोऱ्यांत, आणि बुडाली ती तिथल्या महादेव कोळ्यांची भातखाचरे. कारखान्याच्या सभासद-यादीत जांभोरीच्या बाजूची नावे शोधावी लागतील.

तिकडच्या घरांचा रोखीचा आधार हिरडा. उन्हाळ्यात झाडावर चढून कोवळी फळे झोडायची, वेचायची, अंगणात काळी पडेपर्यंत वाळवायची, मग तो बाळहिरडा पोत्यात भरून व्यापाऱ्याकडे न्यायचा. आदिवासी विकास महामंडळाची खरेदी चालू असते तेव्हा व्यापारी बरा भाव देतो, ती थंडावली की भाव पाडतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात हिरड्याची झाडे उन्मळली, तेव्हा भरपाईसाठी पहिला प्रश्न आला तो असा की या झाडांची नोंद कोणत्या कागदावर आहे. त्या कागदासाठी किसान सभेच्या लोकांना मोर्चे काढावे लागले.

डिंभ्याच्या जलाशयाखाली जुने आंबेगाव गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे, बाजारपेठ मंचरात आहे; सात-बारावर तालुक्याचे नाव मात्र अजून आंबेगाव असेच छापून येते.